भेडाघाट तर बघालच, पण जबलपूरच्या रानीतालला थांबा

जबलपूर म्हटलं की आपल्याकडच्या घरांत तीन गोष्टी निघतात: भेडाघाटचे संगमरवरी कडे, धुवांधार आणि नर्मदेची परिक्रमा. नागपूरहून सिवनीमार्गे निघालात, तर पेंचचं जंगल ओलांडून दुपारपर्यंत तुम्ही जबलपुरात असता. मुंबईहून येणारे रात्रीची रेल्वे पकडतात. हायकोर्ट, पश्चिम मध्य रेल्वेचं मुख्यालय, तोफा आणि लष्करी वाहनं बनवणारे कारखाने अशा नोकऱ्यांमुळे या शहरात मराठी माणसाची ये-जा जुनी आहे. त्याआधी तर इथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता, १८१७ साली इंग्रज येईपर्यंत. त्यामुळे कुणाची आत्या, कुणाचा भाचा, कुणाची मुलगी-जावई जबलपुरात असतातच, आणि हल्ली त्यांचा पत्ता बरेचदा विजय नगरचा असतो.

विजय नगर म्हणजे जुन्या जबलपूरच्या गल्ल्यांतून बाहेर पडून वसलेली मोठी वसाहत. अहिंसा चौक, एसबीआय चौक ही तिथली खुणेची नावं. ऑटोवाल्याला घर सांगायचं तर त्यातलं एखादं घ्यावंच लागतं. आंतरराज्य बसस्थानक आणि दीनदयाल चौक जवळ. पाहुणे आले की त्यांना पहिल्या संध्याकाळी न्यायची जागाही ठरलेली आहे, कचनार सिटीतली शंकराची मूर्ती. ७६ फूट उंचीची, उघड्या आकाशाखाली बसलेली. खाली गुहेसारख्या भागात बारा ज्योतिर्लिंगांच्या प्रतिकृती आहेत. लहान मुलांना मूर्ती आवडते, आजी-आजोबांना गुहा, आणि मधल्या पिढीला फोटो. इथे तासभर सहज जातो.

दुसऱ्या दिवशी घरचे तुम्हाला भेडाघाटला नेतील. नेऊ देत. पण त्यातली एक सकाळ राखून ठेवा आणि उखरी रस्त्याने रानीतालला जा. विजय नगरहून फार लांब नाही. पाहुण्यांना दाखवायच्या जागांत रानीतालचं नाव सहसा निघत नाही, कारण तिथे ‘बघण्यासारखं’ काही नाही असं खुद्द जबलपूरकरांनाही वाटतं. क्रीडा संकुल आहे, मैदान आहे. पण याच संकुलात मध्य प्रदेश राज्याची तिरंदाजी अकादमी आहे, आणि तिथे धनुष्य हातात धरलेली एक मुलगी २०१८ साली भारताच्या महिला संघातून आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात उभी राहिली होती. तिचं नाव मुस्कान किरार. ती जबलपूरचीच.

सांघिक खेळ म्हटला की आपल्याला मैदानभर धावणाऱ्या मुली डोळ्यांसमोर येतात. त्याच वर्षी जकार्तात भारताचा महिला व्हॉलीबॉल संघही खेळत होता. व्हॉलीबॉलमध्ये एकीने चेंडू उचलायचा, दुसरीने चढवायचा, तिसरीने मारायचा. एकीची चूक दुसरी धावत जाऊन सावरू शकते. तिरंदाजीच्या संघात ही सोय नाही. सुटलेल्या बाणाला कुणी हात लावू शकत नाही. मागे उभ्या दोघींना फक्त बघायचं असतं, आणि मग आपली पाळी आली की पुढे व्हायचं. माझ्या मते सांघिक खेळांमध्ये याहून एकटं पाडणारा खेळ नसेल.

कप्पीचं धनुष्य

मैदानाच्या कडेला उभे राहिलात, तर दोन प्रकारची धनुष्यं दिसतील. एक आपल्या ओळखीचं, दोन्ही टोकांना वाक असलेलं. त्याला रिकर्व्ह म्हणतात आणि ऑलिम्पिकमध्ये आजवर जे दिसलं ते हेच. दुसरं पाहून मुलं हमखास विचारतात, ‘हे यंत्र आहे का?’ त्याच्या दोन टोकांना कप्प्या असतात, त्यांवरून दोऱ्या फिरवलेल्या असतात. हे कंपाउंड. मुस्कान किरारचा हाच प्रकार.

विहिरीवरच्या रहाटाने जसं पाणी ओढणं सोपं होतं, तसंच काहीसं इथे चालतं. दोरी ओढताना सुरुवातीला पूर्ण जोर लागतो, पण कप्प्या एका बिंदूपलीकडे फिरल्या की हातावरचा भार एकदम उतरतो. म्हणून पूर्ण ताणलेलं धनुष्य काही क्षण स्थिर धरून नेम घेता येतो. दोरी बोटांनी सोडत नाहीत, हातातल्या छोट्या कळीने सोडतात. नेम धरायला भिंगही असतं. हे ऐकून ‘मग त्यात काय मोठं, सगळं यंत्रच करतं’ असं कुणीतरी म्हणतंच. खरं उलट आहे. साधन जितकं नेमकं, तितकी चुकीला जागा कमी. रिकर्व्हमध्ये आठ-नऊ गुणांवरही सामना जिंकता येतो, कंपाउंडमध्ये नऊ गुण म्हणजे हळहळ.

लक्ष्य ५० मीटरवर असतं. त्यातलं दहा गुणांचं पिवळं वर्तुळ फक्त ८ सेंटीमीटर रुंद, आपल्या जेवणातल्या लहान वाटीच्या तोंडाएवढं. विजय नगरच्या एखाद्या गल्लीत उभं राहा, पाच-सहा घरं सोडून पलीकडच्या कठड्यावर वाटी ठेवली आहे अशी कल्पना करा, आणि त्यात बाण घालायचा आहे. एकदा नव्हे, दर वेळी. बाण तिथे एका सेकंदाच्या आत पोचतो.

सांघिक सामन्यात तिघी असतात. एका फेरीत प्रत्येकीचे दोन, असे सहा बाण, आणि त्या सहांसाठी मिळून दोन मिनिटं. एक जण रेषेवर, बाकी दोघी मागच्या रेषेपलीकडे. एकीचा बाण सुटला की तिने मागे यायचं, मग दुसरीने पुढे जायचं. एकीने नेम धरायला पाच सेकंद जास्त घेतले, तर ते शेवटच्या मुलीच्या वाट्यातून जातात. अशा चार फेऱ्या, २४ बाण, जास्तीत जास्त २४० गुण. फेऱ्यांची स्वतंत्र जिंक-हार नसते, सगळे गुण मिळवत जायचे. म्हणजे पहिल्या फेरीत गेलेला एक गुण शेवटपर्यंत गेलेलाच राहतो.

२८ ऑगस्ट २०१८, जकार्ता

त्या वर्षी भारताच्या कंपाउंड मुली फार चांगल्या भरात होत्या, आणि दर वेळी शेवटच्या पायरीवर अडत होत्या. मे महिन्यात तुर्कस्तानातल्या अंताल्याच्या विश्वचषकात ज्योती सुरेखा वेन्नम, मुस्कान आणि दिव्या धयाल यांना चायनीज तैपेईविरुद्ध रौप्य मिळालं. जुलैत बर्लिनला ज्योती, मुस्कान आणि तृषा देब अंतिम सामन्यात फ्रान्सशी खेळल्या आणि २२८-२२९ असं हरल्या. एका गुणाने. तरीही त्याच महिन्यात हा संघ जागतिक क्रमवारीत पहिल्या क्रमांकावर पोचला. सुवर्णपदक हाती नाही आणि क्रमवारीत सर्वांत वर, अशा अवस्थेत या मुली इंडोनेशियाला गेल्या.

आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यासाठी तिघी होत्या: विजयवाड्याची ज्योती, झारखंडची मधुमिता कुमारी आणि जबलपूरची मुस्कान. उपांत्य सामन्यात त्यांनी चायनीज तैपेईला २२५-२२२ असं हरवलं होतं, मे महिन्याची परतफेडच म्हणा. समोर दक्षिण कोरिया. तिरंदाजीत कोरिया म्हणजे काय, हे कबड्डी बघणाऱ्याला सांगायचं तर भारतासमोर कबड्डीत उतरण्यासारखं.

पहिली फेरी भारताची. सहा बाणांत ६० पैकी ५९. एकच गुण सुटला. कोरियाचे ५७. दुसऱ्या फेरीत भारताचे ५६, कोरियाचे ५८, म्हणजे दोन्ही संघ ११५ वर. तिसऱ्या फेरीत दोघांचे ५८. आता १७३-१७३. अठरा बाण झाले, सहा राहिले, आणि आशियातले दोन सर्वोत्तम संघ अगदी बरोबरीत.

शेवटच्या फेरीत कोरियाने पुन्हा ५८ मारले. भारताचे ५५ झाले. अंतिम गुण २२८-२३१.

तीन गुणांचा फरक. तीन बाण जरा आत लागले असते, तर सामना पुन्हा बरोबरीत. घरी बसून हे सांगणं फार सोपं असतं, म्हणून इथे थोडं थांबा आणि गुणांकडे पुन्हा बघा. कोरियाच्या फेऱ्या आहेत ५७, ५८, ५८, ५८. भारताच्या ५९, ५६, ५८, ५५. भारताची सर्वांत चांगली फेरी कोरियाच्या कोणत्याही फेरीपेक्षा सरस होती. कमी पडलं ते एकसारखेपण. कोरियाने सामन्यात एकही फेरी विलक्षण मारली नाही आणि एकही वाईट मारली नाही. मैदानावर शांतपणे तोच तोच बाण शंभरदा मारणाऱ्या मुली बघायला कंटाळवाणं वाटेल कदाचित. पण ५५ चे ५८ व्हायला दुसरा रस्ता नाही.

त्याच दिवशी भारताचा पुरुष कंपाउंड संघही कोरियाशीच खेळला, बरोबरीनंतरच्या जादा बाणांवर हरला, आणि त्यांनाही रौप्य मिळालं. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात दोन्ही एकाच बातमीत आले. मग पुढच्या खेळाच्या बातम्या आल्या.

रौप्याच्या आधी आणि नंतर

आता जरा मागे जाऊ. आशियाई स्पर्धेत कंपाउंड प्रकार पहिल्यांदा आला तो २०१४ साली, कोरियातल्या इंचिऑनला. तेव्हा भारतीय महिला संघाला कांस्य मिळालं. त्या संघात ज्योती होती, तृषा देब होती, आणि तिसरी होती महाराष्ट्राची पूर्वशा शेंडे. आपल्यापैकी किती जणांना हे नाव आठवतं?

२०१८ ला रौप्य. आणि २०२३ साली चीनमधल्या हांगझोऊला, ५ ऑक्टोबर रोजी, सुवर्ण. पुन्हा चायनीज तैपेई समोर, पुन्हा एका गुणाचा खेळ, पण या वेळी २३०-२२९ असा भारताच्या बाजूने. त्या संघात ज्योती, पंजाबची परनीत कौर आणि आपल्या साताऱ्याची अदिती स्वामी. त्याआधी दोनच महिने याच तिघींनी बर्लिनला मेक्सिकोला २३५-२२९ असं हरवून जागतिक स्पर्धेतलं भारताचं तिरंदाजीतलं पहिलंवहिलं सुवर्ण आणलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी सतरा वर्षांची अदिती वैयक्तिक जगज्जेतीही झाली होती. महाराष्ट्रात तेव्हा घराघरांत ही बातमी पोचली आणि पोचायलाच हवी होती.

कांस्य, रौप्य, सुवर्ण. नऊ वर्षांत तीन पायऱ्या. तिन्ही संघांत समान नाव एकच, ज्योतीचं. बाकीच्या दोन जागांवर मुली बदलत गेल्या. (गंमत म्हणजे ज्योतीच्या विजयवाड्यातून वाहते ती कृष्णाच, जी साताऱ्याच्या महाबळेश्वरात उगम पावते.) अदितीचं सुवर्ण साजरं करताना मधली पायरी जबलपूरची होती हे आपण सांगत नाही. मुस्कान तिथेच थांबली असंही नाही. २०१९ च्या जूनमध्ये नेदरलँड्समधल्या जागतिक स्पर्धेत ज्योती, मुस्कान आणि राज कौर यांनी तुर्कस्तानला २२९-२२६ असं हरवून कांस्य जिंकलं. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या यँक्टनला ज्योती, मुस्कान आणि प्रिया गुर्जर जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत गेल्या, तिथे कोलंबियाने २२९-२२४ असं हरवलं. पुन्हा रौप्य.

मधल्या काळातली एक गोष्ट तर मुलांना मुद्दाम सांगण्यासारखी आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये भारतीय तिरंदाजी संघटनेतल्या दोन गटांच्या भांडणामुळे जागतिक संघटनेने भारताला निलंबित केलं. नोव्हेंबरमध्ये बँकॉकला आशियाई अजिंक्यपद स्पर्धा होती. खेळाडूंना खेळू दिलं, पण तिरंग्याखाली नाही. जागतिक संघटनेच्या झेंड्याखाली. ज्योती, मुस्कान आणि प्रिया तिथेही अंतिम सामन्यात पोचल्या, कोरियाकडून मोठ्या फरकाने हरल्या, रौप्य घेतलं. कार्यालयातल्या खुर्चीवरून झालेल्या भांडणाचा भुर्दंड रेषेवर उभ्या असलेल्या मुलींनी भरला. निलंबन पुढच्या जानेवारीत उठलं.

कांस्यपदक घेणारी शेवटचा सामना जिंकून घरी येते. रौप्य घेणारी शेवटचा सामना हरून येते. म्हणूनच असेल, रौप्याचं कौतुक होतं ते थोडं सांत्वनासारखं होतं. त्यात कंपाउंड आजवर ऑलिम्पिकमध्ये नव्हतं. २०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये ते पहिल्यांदा येणार आहे, तेही फक्त मिश्र जोडीच्या रूपात, एक मुलगी आणि एक मुलगा. तिघींच्या संघाला तिथे जागा नाही. म्हणजे या मुलींसाठी आशियाई स्पर्धा आणि जागतिक स्पर्धा हीच सर्वांत मोठी मैदानं, आणि त्यातला अंतिम सामना म्हणजे त्यांचं ऑलिम्पिकच.

रानीतालला गेलात तर हे सगळं डोक्यात ठेवून जा. फलक वाचून परत फिरू नका. प्रवेशद्वारापाशी विचारा, सरावाची वेळ असेल आणि परवानगी मिळाली तर मागच्या बाजूला, सांगतील तिथे उभे राहा. मुलांचा हात धरून ठेवा. बाणांच्या रेषेपुढे कुणीही जाऊ नये, अगदी चेंडू आणायलाही नाही, हा नियम साऱ्या जगात एकच आहे. मुलींचे फोटो न विचारता काढू नका. आणि मोबाइल गप्प ठेवा. नेम धरलेल्या मुलीच्या मागे वाजलेली रिंगटोन काय करते, हे वेगळं सांगायला नको.

तुमच्याबरोबर दहा-बारा वर्षांची मुलगी असेल तर बघा, पाच मिनिटांत ती गुण मोजायला लागते. दहा, दहा, नऊ, दहा. आणि नऊ आला की तिचाही चेहरा पडतो.

बाण आणि राणी

रानीताल हे नाव राणी दुर्गावतीवरून. हा तलाव तिने बांधवला, जवळचा चेरीताल तिच्या दासीच्या नावाचा आणि अधारताल तिच्या दिवाणाच्या, अधार कायस्थाच्या नावाचा, असं जबलपुरात सांगतात. दुर्गावती महोब्याच्या चंदेल घराण्यातली, गढा-मंडलाच्या गोंड राजघराण्यात सून म्हणून आलेली. पती दलपतशाह लवकर गेला, मुलगा वीरनारायण लहान, तेव्हा तिने राज्य स्वतः चालवलं. बंदूक आणि बाण दोन्हींत तिचा नेम पक्का होता, असं अकबराच्या दरबारी इतिहासकाराने, अबुल फजलने, शत्रुपक्षात असूनही लिहून ठेवलं आहे. १५६४ साली आसफखानाची मोगल फौज चालून आली. नर्रई नाल्यापाशी हत्तीवरून लढताना राणीला दोन बाण लागले. हाती सापडण्यापेक्षा तिने २४ जूनला स्वतःच्या हाताने जीव दिला. बरेल्याच्या बाजूला तिची समाधी आहे. गाडी असेल तर अर्धा दिवस काढून जाता येतं. शहरात राणी दुर्गावती संग्रहालय आहे, तेही चांगलं आहे.

या तलावाच्या नावाच्या जागी आज मुली धनुष्य घेऊन उभ्या राहतात. कुणी ठरवून केलं असेल असं नाही.

बाकी जबलपूरबद्दल थोडक्यात सांगते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात भेडाघाटची नौकासफर बंद असते, धुवांधार मात्र तेव्हा खरा धुवांधार. कोजागिरीच्या आसपास भेडाघाटला नर्मदा महोत्सव भरतो, चांदण्यात संगमरवर बघायचा तर तेव्हाच, पण राहायची सोय आधी करा. नावाडी कड्यांवर तऱ्हेतऱ्हेचे आकार दाखवत यमक जुळवून बोलतो, ते ऐकायला घाई करू नका. वरच्या टेकडीवरचं चौसष्ट योगिनींचं मंदिर चढायला पायऱ्या बऱ्याच आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी खालीच चहा घ्यावा. संध्याकाळी ग्वारीघाटची आरती. रात्री कमानिया गेटच्या भागात खोव्याची जलेबी, काळपट, जाड, पाकात जड झालेली. एक पुरते. कमानिया गेट १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसच्या आठवणीत उभारलेलं आहे, हे जलेबी खाता खाता मुलांना सांगून टाका.

रानीतालला मात्र सकाळीच जा. ऊन चढायच्या आत, हवा स्थिर असताना. विजय नगरहून निघताना घरच्यांनाही बरोबर घ्या. तिथे राहूनही त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी ही जागा आतून पाहिलेली नसेल.